वाणी, अस्वल आणि पोळ्याचा डवरा

झालं गेलं विसरून जा, असा सल्ला बहुतेक वेळा ज्यांनी काही केलेलं असतं तेच देतात. मी सोळा वर्षं काही विसरले नाही आणि यंदाच्या पोळ्याला त्याची वसुली करून घेतली. नंतर एका मैत्रिणीने विचारलं, आता तुला थोडं वाईट वाटत असेल ना? मी तिला खरं ते सांगितलं. मला अजून गोड झोप लागते.

मी महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावर वाढले. आमच्याकडे पावसाळ्यात वावरात वाणी निघते. काळसर तांबूस, बोटभर लांब, अंगाला कड्याच कड्या आणि कडीगणिक पायांच्या दोन जोड्या. हात लावला की चकलीसारखी गोल होते. सोयाबीनचे कोवळे कोंब खाते, म्हणून लोक तिला ठेचतात. माझे वडील ठेचत नसत. डवरणीच्या, म्हणजे उभ्या पिकातलं तण काढायच्या दिवसांत बैलांमागे डवरा धरून ते पिकाच्या दोन ओळींमधून चालत, डवऱ्याची लोखंडी पास जमीन खरवडत जाई आणि तिच्यामागे वाण्या वर येत. मी मागून चालत त्या एका जुन्या डब्यात वेचायचे आणि आम्ही त्या बांधावर पळसाच्या पालापाचोळ्यात सोडून द्यायचो. याडी, म्हणजे माझी आई, म्हणायची, बापलेक दोघेही येडे. वडील म्हणायचे, ते पाला खाते आणि माती करते, थोडे कोंब खाल्ले तर खाल्ले, आपनही तं खातोच.

बारावीनंतर मी जवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं. तिथे आम्हाला जे सर होते त्यांना मी आजही सरच म्हणते. राग कितीही असला तरी जिभेला लागलेलं वळण सुटत नाही. सर शहरातले होते. त्यांच्या खुर्चीमागे भिंतभर ध्रुवीय अस्वलाचं पोस्टर लावलेलं होतं आणि वर्गात कुठलाही विषय निघाला तरी गाडी फिरून त्या अस्वलावर यायची. बर्फ वितळतंय, अस्वलाचं घर जातंय, हे ते इतक्या कळवळून सांगत की पहिल्या बाकावरच्या मुली डोळे पुसायच्या. बाहेर तेव्हा पंचेचाळीस डिग्री असायचं.

एका वर्षी त्यांनी प्रत्येकाला निरीक्षणासाठी एक प्राणी निवडायला सांगितलं. कोणी वाघ म्हणालं, कोणी मोर. दोन मुलींनी सरांना बरं वाटावं म्हणून ध्रुवीय अस्वल सांगितलं आणि सरांना खरंच बरं वाटलं. ते अस्वल कुठे जाऊन बघणार, हे त्यांना कोणी विचारलं नाही. माझी पाळी आली. मी म्हणाले, वाणी.

सर हसले. मग वर्गही हसला. सर म्हणाले, "तांड्यावरची ना तू? तिथं दुसरं दिसणार तरी काय." वर्ग आणखी हसला. आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी शिक्षा दिली. सोमवारपर्यंत दहा पानं लिहून आण, वाणी आणि ध्रुवीय अस्वल यांची तुलना, बघू तुझी वाणी किती पानं पुरते.

मी शनिवार-रविवार घरी गेले. मला राग आला की माझं अक्षर चांगलं येतं. त्या दोन दिवसांत मी जे लिहिलं त्याच्याइतकं चांगलं मी पुन्हा कधी लिहिलं नाही. अस्वलाची माहिती पुस्तकातून घेतली, वाणीची वावरातून; वडिलांचा डवरा, माझा डबा, काडेपेटीत धरून आणलेली वाणी, सगळं त्यात आलं. अस्वल वरून पांढरं दिसतं, पण केसांखालची त्याची कातडी काळी असते. वाणी वरून काळी दिसते, पण कात टाकली की थोडा वेळ पांढरट असते. अस्वल चार पायांवर जन्मतं आणि चार पायांवरच मरतं. वाणी अंड्यातून निघते तेव्हा तिला मोजून सहा पाय असतात, पुढचे सगळे ती एकेक कात टाकत स्वतः कमावते. अस्वल बर्फातल्या भोकाशी सीलची वाट बघत तासन् तास बसतं. वाणी कोणावर धावून जात नाही, पण तिला दाबलं तर असा रस सोडते की बोटावरचा डाग चार दिवस निघत नाही.

लिहिता लिहिता मी हे वडिलांना वाचून दाखवत होते. ते बैलांसाठी कडबा कापत होते. ऐकून ते जे बोलले ते मी तसंच्या तसं शेवटच्या पानावर उतरवलं. "त्या अस्वलाचा बर्फ गेला तं ते कुठं जाईन, हे साऱ्या जगाले मालूम हाय. या वानीचा बांध नांगरून टाकला तं ते कुठं जाईन, हे कोनी इचारलं काय?"

काडेपेटीतली ती वाणी मी लिहिताना बघायला म्हणून समोर ठेवली होती. ती सहाव्या पानावर चालली, मी पान उलटताना चुकून दाबली गेली आणि तिथे एक पिवळट तपकिरी डाग पडला. पान बदलायला वेळ नव्हता. पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात नाव आणि रोल नंबर लिहिला आणि सोमवारी ती दहा पानं सरांच्या टेबलावर ठेवली. सर मान वर न करता म्हणाले, ठेव तिथे. मला दहापैकी चार गुण मिळाले. पानं परत मागायला मी दोनदा गेले. पहिल्यांदा ते म्हणाले, बघतो. दुसऱ्यांदा म्हणाले, रद्दीत गेली असतील.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले. आता मी पांढरकवड्याकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. यंदा शाळा सुरू होऊन महिना झाला असेल, मुख्याध्यापकांनी सांगितलं की एक मोठे निसर्ग-अभ्यासक व्याख्यानाला येणार आहेत. जिल्ह्यात त्यांच्या एका व्याख्यानाचा फार बोलबाला आहे, शाळाशाळांतून होतं, लोक रडतात. मी विषय विचारला. ते म्हणाले, वाणी आणि ध्रुवीय अस्वल.

माझ्या हातात खडू होता तो मी फळ्याखाली नीट ठेवला, एवढं आठवतं.

सर आले. केस पांढरे झाले होते, खांद्यावर शबनम होती. मुख्याध्यापकांनी माझी ओळख करून दिली. त्यांनी नमस्कार केला आणि नजर पुढच्या माणसाकडे नेली. त्यांनी मला ओळखलं नाही. तीन वर्षं मी त्यांच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसले होते.

मग ते बोलायला उभे राहिले आणि शबनममधून प्लास्टिकच्या फायलीत जपून ठेवलेली जुनी पानं काढली. म्हणाले, हे मी तरुणपणी एका बैठकीत लिहिलं. मी पुढच्याच रांगेत होते. माझी निळी शाई मला दिसली. सहाव्या पानावरचा डाग दिसला. पहिल्या पानाचा उजवा कोपरा मात्र नव्हता. अगदी सरळ, पट्टी लावून फाडलेला होता.

कातडी काळी, कात पांढरी, सहा पाय, काडेपेटी, सगळं माझंच ओळीने चाललं होतं. मी दात आवळून बसले. लेखच चोरला ना, म्हटलं, चोरू दे. आणि मग ते म्हणाले, माझे वडील डवरा हाकत असत आणि मी लहानगा त्यांच्यामागे डबा घेऊन चालत असे.

इथे माझं डोकं फिरलं. चार गुणांचा राग मी पचवला असता, रद्दीचाही पचवला असता. पण त्यांनी माझा बाप उचलून नेला होता आणि त्याला स्वतःचं नाव लावलं होतं. सरांचे वडील कचेरीत मोठे साहेब होते, हे त्यांनीच वर्गात आम्हाला पन्नासदा ऐकवलं होतं. माझ्या बापाचं शेवटच्या पानावरचं वाक्य त्यांनी शुद्ध भाषेत, घसा दाटून आणून म्हटलं, तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

पण देव कुठेतरी असतो. सरांना माझ्या लेखात थोडी फोडणी घालायचा मोह आवरला नव्हता. ते म्हणाले, "मला आठवते ती पोळ्याची सकाळ. बैल सजलेले होते, वडिलांनी डवरा जुंपला आणि आम्ही वावरात निघालो."

मागच्या रांगांतून खुसफूस झाली, मुली ओढणीत तोंड घालून हसायला लागल्या. सरांना वाटलं, रंग भरला. त्या सगळ्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या घरच्या पोरी. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नसतं, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या, असं त्यांच्या कानात सांगतात. ज्याला जेवायला बोलावलं त्याच्याकडून त्या दिवशी काम करून घेणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मला नाही. सरांना पोळा म्हणजे शेतीचं एक छान चित्र वाटलं असेल. डवरा छान, पोळा छान, दोन्ही एकत्र केले तर आणखी छान.

तिथे उभं राहून मी भांडले असते तर काय झालं असतं? एक मास्तरीण बोंबलली, असं म्हणून लोक विसरले असते. मी ठरवलं की हे व्याख्यान सरांनी माझ्या गावात, पोळ्याच्या दिवशी, सजलेल्या बैलांसमोर आणि माझ्या बापासमोर द्यावं. अस्वल भोकाशी बसतं तशी मी बसणार होते.

रविवारी मी तांड्यावर गेले आणि आमच्या नाईकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, सगळं सांगितलं. नाईक नात्याने माझा काका. त्याने ऐकून घेतलं आणि हळू हळू त्याच्या मिशा पसरल्या. त्याच्या सहीने निमंत्रण गेलं की पोळ्याचे प्रमुख पाहुणे म्हणून यावं, आपलं गाजलेलं व्याख्यान आमच्या बैलांनाही ऐकवावं. सरांचा होकार तिसऱ्या दिवशी आला. हार दिसला की सरांची मान आपोआप पुढे येते, हे मला माहीत होतं.

आमच्या भागात पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की लोक झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवून दिलेला टोमणा. वर्षभरात कोणी काय दिवे लावले ते सगळ्या गावासमोर झडतीत निघतं आणि त्यावर राग मानायची सोय नसते. नाईकाची झडती पंचक्रोशीत प्रसिद्ध. यंदाची झडती त्याला मी लिहून दिली. चार ओळी जुळवायला मला आठ दिवस लागले आणि त्या आठ दिवसांत मी फार आनंदात होते.

वडिलांना मी काहीच सांगितलं नाही. ते म्हणाले असते, सोड माय. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, तरी स्वतःची जोडी स्वतःच सजवतात. पोळ्याच्या दुपारी त्यांनी बैलांच्या शिंगांना बेगड लावली, झुली टाकल्या आणि सगळ्यांच्या आधी तोरणाखाली नेऊन उभे केले.

सर आले. हार घातला. लाऊडस्पीकर जोरात लावायला मी नाईकाला आधीच सांगून ठेवलं होतं, वडिलांच्या कानांसाठी. मी बायकांमध्ये, पुढेच बसले. सरांनी फायलीतून माझी पानं काढली आणि सुरुवात केली. मला ती पाठ होती. वडील बैलाच्या वेसणीला हात लावून ऐकत होते. काळी कातडी झाली, सहा पाय झाले. डब्याचा उल्लेख आला तेव्हा वडिलांनी मान वर केली. त्यांचं वाक्य आलं, तेव्हा त्यांचा हात वेसणीवरून सुटला.

आणि मग पोळ्याची सकाळ आली. वडिलांनी डवरा जुंपला, असं सर म्हणाले आणि तोरणाखालची शंभर-सव्वाशे माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणी हसलं नाही. एक म्हातारा शेजारच्याला विचारत होता की ह्यानं खरंच असं म्हटलं का.

भाषण संपलं आणि नाईक पुढे झाला. त्याने मिशीवर हात फिरवून माझी झडती म्हटली.

"बर्फावरचं अस्वल, मातीतली वानी,
पावन्यानं सांगतली आमच्याच घरची कहानी.
पोळ्याच्या दिशी म्हने बापानं जुपला डवरा,
बैल म्हने, धनी, हा कोन्या गावचा नवरा?"

गाव असं हसलं की बैल बिचकले. हर हर महादेवचा गजर झाला. आणि सर? सर टाळ्या वाजवत होते. नवरा म्हणाले, अस्वल म्हणाले, म्हणजे आपला सत्कारच चाललाय असं त्यांना वाटलं. उठून त्यांनी नाईकाला हात जोडले. माझ्या आठ दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं. ज्याला टोमणा समजत नाही त्याच्याइतका सुरक्षित माणूस नाही, हे मला त्या क्षणी कळलं आणि मी रडायच्या बेताला आले.

तेवढ्यात वडील बैल सोडून माइककडे निघाले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. नाईकाने वाट करून दिली. ऐकू कमी येत असल्यामुळे ते मोठ्याने बोलतात, त्यात लाऊडस्पीकर.

"सर, तुम्ही जो बाप सांगतला तो मी होय," ते म्हणाले. "ते वाक्य माहं होय. घेतलं तं घेतलं, वाक्याचं काय. पन मी पोळ्याच्या दिशी बैल जुपले, असं तुम्ही गावोगाव सांगून राह्यले. माह्या बैलायनं तुमचं काय बिघडवलं होतं?"

सरांचा चेहरा बघण्यासाठी मी सोळा वर्षं थांबले होते आणि मी तो डोळे भरून पाहिला. आधी ते गोंधळले, मग हसायचा प्रयत्न केला, मग पानं फायलीत घालायला लागले आणि पानं आत जाईनात. साहित्यात थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं, बाबा, असं काहीतरी ते पुटपुटले. वडिलांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी फक्त माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे लिहिलं ते तिथं बसली, माही पोरगी."

सर माझ्याकडे बघायला लागले. ओळखायची धडपड दिसत होती. बुडत्याला काडी मिळावी तशी त्यांनी ती ओळख पकडली. माइकवर मोठ्याने म्हणाले, होय होय, मी सांगणारच होतो, हे मूळ माझ्या एका गुणी विद्यार्थिनीचं लेखन आहे, आणि ती आज इथे हजर आहे याचा मला आनंद होतो.

मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "मंग नाव सांगा ना, सर, तिचं."

सगळं गाव थांबलं. तोरण तुटायचं राहिलं होतं, ते तुटल्याशिवाय बैल घरी सुटत नाहीत, बैल पाय आपटत होते, आणि पाहुण्यांच्या हुकमाशिवाय तोरण तोडायचं नसतं. सरांनी नाईकाकडे बघितलं. नाईक तोरणाच्या आंब्याच्या पानांकडे बघत होता. शेवटी ते माझ्याकडे वळले आणि माइक तोंडासमोरून काढायचा विसरून म्हणाले, "अगं, तुझं नाव काय?"

ते चारही कर्ण्यांतून गावभर गेलं.

मी उभी राहिले. मला आवाज चढवायची गरज नव्हती. मी म्हणाले, "पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात होतं, सर."

त्यांनी खरंच खाली बघितलं. पान हातात होतं, कोपरा नव्हता. सरळ फाडलेल्या त्या कडेवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. मी खाली बसले. शेजारच्या काकूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पण नाव तिनेही सांगितलं नाही. त्या गर्दीत माझं नाव माहीत नसलेला एकच माणूस होता, आणि त्याने तीन वर्षं माझी हजेरी घेतली होती.

तोरण अखेर नाईकाने तोडलं. सगळ्यांत आधी वडिलांची जोडी निघाली. सर कधी गेले ते मी बघितलं नाही. टेबलावर हार आणि माझी पानं पडलेली होती.

घरी आल्यावर वडिलांनी मला ती दहाच्या दहा पानं वाचायला लावली. कान पुढे करून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. पोळ्याचा डवरा त्यात कुठेच नाही याची खात्री झाल्यावर ते म्हणाले, मंग ठीक हाय, आणि बैलांना पुरणाची पोळी द्यायला उठले. तुझं लिखाण चोरलं, याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. त्यांचा हिशेब वेगळा होता आणि तो तिथे मिटला होता.

माझा मिटलेला नाही. त्यानंतर सरांनी नाईकाला तीनदा फोन केला. त्यांना मला दिलगिरीचं पत्र पाठवायचं आहे, आणि पत्राच्या सुरुवातीला नाव लागतं. नाईकाने तीनही वेळा सांगितलं की सर, घरी शोधा, फाडलेला कोपरा कुठंतरी पडला असंन. तांड्यात त्याने सगळ्यांना बजावून ठेवलंय, लहान पोरांनासुद्धा.

पत्र अजून आलेलं नाही. पानं मी कपाटात ठेवली आहेत, कोपरा आहे तसाच.